जर्मनीतली उन्हाळी इंटर्नशिप: दीडशे मेलना उत्तर का येत नाही आणि एजंटला पैसे द्यावेत का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या संलग्न महाविद्यालयात मेकॅनिकलचं तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालंय. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीत इंटर्नशिप करायची आहे. दीडशे प्राध्यापकांना मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. एक एजंट १ लाख ८० हजारांत ‘हमखास’ जागा मिळवून देतो म्हणतोय. घरचे विचारताहेत की एकूण खर्च किती येईल आणि त्यातून हाती काय लागेल.

विद्यार्थ्यांचे अर्ज आणि व्हिसाची कागदपत्रं तपासणं हे माझं नेहमीचं काम आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जर्मनीत जायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न नाही. तिथल्या एखाद्या माणसाकडे असं काम आहे का, जे तुम्ही दहा आठवड्यांत पुरं करू शकाल आणि जे पुरं झालं तर त्याचाही फायदा होईल? असा माणूस सापडला की करार, व्हिसा, घर, पैसे हे सगळं वेळखाऊ असलं तरी मार्गी लागतं. तो नसेल तर पैसे भरून मिळवलेल्या जागेवर तुम्ही दोन महिने खुर्चीत बसून काढाल. परत आल्यावर मुलाखतीत ‘तिथे नेमकं काय केलंत?’ याला उत्तर नसेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. परीक्षा कधी संपतात, मागचे विषय राहिलेत का, घरून किती खर्च झेपतो, आणि तुम्ही बारावीनंतर आलात की डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. या शेवटच्या मुद्द्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी मेल. दीडशे मेल जातात तेव्हा ते एकाच मजकुराचे असतात, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. ‘तुमच्या संशोधनाने मी प्रभावित झालो’ हे वाक्य रोबोटिक्सवाल्यालाही चालतं आणि वेल्डिंगवाल्यालाही, म्हणून ते कुणालाच काही सांगत नाही. दुसरी चूक म्हणजे मेल थेट विभागप्रमुख प्राध्यापकाला जातो. जर्मन विद्यापीठात एका प्राध्यापकाच्या हाताखाली अनेक संशोधक असतात आणि इंटर्नला रोज सांभाळणारा माणूस असतो तो गटप्रमुख, पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी. त्याला मदतनीस हवा असतो. प्राध्यापकाची सही शेवटी लागतेच, पण ‘हा विद्यार्थी मला हवा आहे’ असं आतून कुणीतरी म्हणावं लागतं. म्हणून संस्थेच्या पानावर ‘कर्मचारी’ विभागात जा, तुमच्या विषयावर सध्या काम करणारी माणसं शोधा, त्यांचा गेल्या दोन वर्षांतला एक शोधनिबंध वाचा आणि त्यांनाच लिहा. प्राध्यापकाला प्रत पाठवायला हरकत नाही.

मेल दीडशे शब्दांच्या वर नको. विषयाच्या ओळीत महिना, कालावधी आणि काम लिहा: जून ते ऑगस्ट, दहा आठवडे, अमुक विषयावर इंटर्नशिप. पहिल्या दोन वाक्यांत त्यांच्या निबंधातली एक नेमकी गोष्ट घ्या, म्हणजे एखादी आकृती, एखादं गृहीतक किंवा त्यांनी शेवटी उघडा ठेवलेला प्रश्न. मग स्वतःचं एकच काम आकड्यांसह मांडा. ‘अॅन्सिस (संगणकावर यंत्रभागांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) येतं’ एवढंच लिहू नका. कोणत्या भागाचं विश्लेषण केलं, विश्लेषणासाठी भागावर टाकलेली जाळी किती बारीक केल्यावर उत्तर बदलायचं थांबलं, प्रयोगाशी किती टक्के फरक राहिला, हे लिहा. त्यानंतर तुमच्या तारखा आणि पैशाची स्थिती: शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहात, तिथे राहण्याचा खर्च स्वतः उचलू शकता, की मानधन लागेलच. हे लपवलं तर पुढे दोघांचाही वेळ जातो. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि आतापर्यंतच्या मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये जोडा. मोबाइलवर काढलेले, वाकडे, पंधरा एमबीचे फोटो जोडू नका.

असे पंधरा-वीस मेल पुरेत. एकेका मेलमागे दोन-तीन तास जातील आणि ते जायलाच हवेत. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण पाठवा आणि तिथेच थांबा. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं आणि त्या आठवड्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा सप्टेंबरचे दोन-तीन आठवडे साधा.

सप्टेंबर म्हणण्याला आणखी एक कारण आहे. डाड (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) या संस्थेची ‘वाइज’ ही योजना भारतातल्या अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते आणि अर्जासोबत जर्मन यजमानाचं निमंत्रणपत्र आधीच हातात लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी मेल सुरू करणारा इथेच बाद होतो. तिच्या पात्रतेच्या अटी आणि पात्र संस्थांची यादी या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. तुमचं महाविद्यालय त्यात बसत नसेल तर त्या योजनेवर एक दिवसही घालवू नका. नावाच्या सारखेपणामुळे ‘राइज जर्मनी’ला अर्ज करण्यात बरेच जण वेळ घालवतात. ती योजना अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

आता एजंट. जर्मन कायद्यात परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी संबंधित इंटर्नशिप चौथ्या सत्रानंतर करता येते आणि त्यासाठी तिथल्या रोजगार संस्थेची संमती लागते. हे काम त्या संस्थेचा झाव (ZAV) नावाचा विभाग बघतो आणि संमतीसाठी अर्ज करते ती तुम्हाला घेणारी कंपनी. म्हणजे या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद भारतातला एजंट स्वतः काढूच शकत नाही. त्याला तीन प्रश्न लेखी विचारा. करारावर सही कोणत्या कंपनीची, आणि त्या कंपनीच्या स्वतःच्या मेलपत्त्यावरून मला दुजोरा मिळेल का? झावची संमती कोण आणि कधी मागणार? कामाचं वर्णन, आठवड्याचे तास आणि मार्गदर्शकाचं नाव करारात असेल का? ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर संभाषण तिथेच संपवा. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. विमानतळावरून परत पाठवणं, पुढच्या प्रवेशावर बंदी आणि नंतर एमएससाठी अर्ज करताना त्याची नोंद, ही सगळी जोखीम तुमच्या पासपोर्टवर येते, एजंटच्या नव्हे.

डिप्लोमातून आलेल्यांसाठी: ‘चौथ्या सत्रानंतर’ ही अट पदवीच्या अभ्यासक्रमाची सत्रं मोजते. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याची तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीची दोनच सत्रं पूर्ण झालेली असतात आणि चार व्हायला तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपावी लागते. मार्कशीटवर तिसरं, चौथं असं लिहिलेलं असतं, पहिलं-दुसरं नसतंच, आणि वाचणाऱ्याला ते अपूर्ण वाटतं. महाविद्यालयाकडून एका परिच्छेदाचं पत्र घ्या: थेट द्वितीय वर्ष प्रवेश म्हणजे काय, प्रथम वर्षाची सूट कशाच्या आधारावर मिळाली, आणि आजवर किती सत्रं झाली. ते कंपनीला सुरुवातीलाच द्या, म्हणजे संमतीच्या अर्जासोबत जाईल.

तारखांचं गणित सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे त्यावर थोडं थांबतो. ओरल-प्रॅक्टिकल आणि एंडसेम धरून आपल्याकडच्या परीक्षा मे अखेर, कधी जूनपर्यंत रेंगाळतात. चौथ्या वर्षाचे वर्ग जुलैत सुरू होतात. मध्ये उरतात सहा-सात आठवडे. जर्मन प्रयोगशाळेत सहा आठवड्यांत काही हाती लागत नाही, कारण पहिला आठवडा चाव्या, संगणकाचं खातं आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणात जातो. ते प्रशिक्षण झाल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत. त्यात मे-जूनमध्ये तिथे सुट्ट्यांची रांग असते: १ मे, स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्टचा सोमवार आणि बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियासारख्या राज्यांत आणखी एक गुरुवार. गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवारही अनेक जण जोडून घेतात. म्हणून किमान आठ आणि शक्यतो दहा आठवडे मिळवा. त्यासाठी विभागप्रमुखांकडून चौथ्या वर्षाच्या सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांच्या हजेरीची सवलत आत्ताच लेखी घ्या. तोंडी ‘जा रे, बघू’ यावर विसंबू नका. पुढच्या जुलैत ते विभागप्रमुख त्या खुर्चीवर नसू शकतात, आणि हजेरी कमी भरली तर परीक्षेचा फॉर्म अडतो.

दहा आठवडे म्हणजे ७० दिवस, बारा म्हणजे ८४. दोन्ही ९० च्या आत बसतात, म्हणून शेंगेन गटातला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) अल्पकाळाचा व्हिसा चालतो, फक्त तो कामाच्या परवानगीसह हवा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही यात मोजतात. नव्वदच्या वर एक दिवस जरी गेला तरी दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याला जास्त वेळ जातो. इंटर्नशिप संपल्यावर पॅरिस-प्राग फिरायचं असेल तर ते दिवसही याच नव्वदात धरा. शेंगेनची फी ९० युरो आहे, वर व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण १५ दिवस लागतात. कागद कमी पडले तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबतं. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा जूनमध्ये निघायचं तर मार्चमध्ये फाइल तयार हवी.

फाइलमध्ये करार, झावची संमती, बोनाफाईड, महाविद्यालयाची एनओसी, मार्कशीट, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, बँक स्टेटमेंट आणि खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र व आयटीआर. फाइल अडते ती बहुतेक वेळा तारखांच्या विसंगतीवर. करारात १ जून, एनओसीमध्ये ५ जून, विमा १ जूनपासून आणि विमान ३० मेचं. विमा विमानात बसता त्या दिवसापासून परत उतरता त्या दिवसापर्यंत हवा. सगळे कागद शेजारी ठेवा, प्रत्येकावरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग मोठ्याने वाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं आणि मार्कशीटवर आडनाव आधी छापलेलं असतं. महाराष्ट्रातल्या मुलांना हा त्रास कायमचा आहे. एनओसीवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहून घ्या.

महाविद्यालयाच्या पत्रात इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे की ऐच्छिक, हेही स्पष्ट असू द्या. जर्मनीत किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या इंटर्नशिपला ते लागू होत नाही. स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर गेली की लागू होतं. म्हणून कंपन्या हे पत्र मागतात. जे खरं आहे तेच लिहून घ्या, कंपनीच्या सोयीसाठी ऐच्छिकचं सक्तीचं करू नका.

खर्च. युरो शंभर रुपयांचा धरून, मध्यम आकाराच्या शहरात, अडीच महिन्यांसाठी माझा अंदाज असा आहे. खोली महिना ४५० युरो, जेवण २२०, प्रवास ६३, विमा ४०, किरकोळ ६०, म्हणजे महिन्याला ८३३ आणि अडीच महिन्यांना साधारण २,०८० युरो. रुपयांत २ लाख ८ हजार. विमान ७० हजार, व्हिसा आणि कागदपत्रं १२ हजार, कपडे-सामान १० हजार. एकूण ३ लाखांच्या घरात. म्युनिकमध्ये नुसती खोलीच सातशेच्या वर जाऊ शकते. यात डिपॉझिट धरलेलं नाही. ते परत मिळतं, पण तोवर पाचशे-हजार युरो अडकून राहतात. मानधन मिळणार असलं तरी पहिली रक्कम महिना संपल्यावर येते, म्हणून किमान सहा आठवड्यांचे पैसे फॉरेक्स कार्डवर असू द्या. प्रवासाचे ६३ युरो म्हणजे महिन्याचं डॉइचलांड-टिकेट. त्यात शहरातल्या बस-ट्राम आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्या चालतात, वेगवान आयसीई चालत नाही. हे वर्गणीसारखं असतं. शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

खोलीबद्दल एक गैरसमज. ‘उन्हाळ्यात तिथले विद्यार्थी घरी जातात, खोल्या रिकाम्या असतात’ हे ऑगस्ट-सप्टेंबरसाठी खरं आहे. त्यांचे वर्ग जुलैच्या मध्यापर्यंत किंवा अखेरपर्यंत चालतात, त्यामुळे जून-जुलैत खोली मिळणं कठीण असतं. निमंत्रण मिळालं की त्याच आठवड्यात यजमानाला विद्यापीठाच्या अतिथिगृहाबद्दल आणि विद्यार्थी वसतिगृहाबद्दल विचारा, आणि गटाच्या अंतर्गत मेल-यादीवर तुमची गरज टाकायला सांगा. इंटरनेटवर खोली शोधलीत तर ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल’ ही फसवणूक ठरलेली आहे. यजमानाच्या गटातल्या कुणीतरी खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

विम्यात एक भर घाला: दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विमा. प्रयोगशाळेची चावी अनेकदा संपूर्ण इमारतीच्या कुलूप-व्यवस्थेची असते. ती हरवली तर कुलपं बदलण्याचा खर्च हजारो युरोंत जाऊ शकतो. पॉलिसीत ‘कामाच्या ठिकाणच्या चाव्या’ धरल्या आहेत का ते वाचा. कामावर अपघात झाला तर तुम्ही संस्थेच्या अपघात विम्यात येता का, हे मनुष्यबळ विभागाला आधीच विचारा.

सामान भरताना घरच्यांना सांगा की युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी नको. ताजी फळंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना, आंब्याला नाही. मेतकूट, भाजणी, चिवडा, कोरडी चटणी बिनधास्त न्या. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी उतरत असाल तर दोन दिवसांचं खाणं सोबत हवं.

आता ‘मिळणार काय’. यंत्र कोणतं बघितलं यावर ते ठरत नाही. परत येताना तुमच्या हातात पुरं केलेलं एक काम आहे का, यावर ठरतं. म्हणून निघण्याआधीच मार्गदर्शकाशी एका पानाची योजना ठरवा: दहा आठवड्यांत काय झालंच पाहिजे, आणि वेळ उरला तर काय. नमुने किंवा सुटे भाग मागवावे लागणार असतील तर ते यायला दोन-चार आठवडे लागतात. ते तुम्ही पोहोचण्याआधी मागवले जातील का, हे विचारा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या सामायिक यंत्रांची वेळ आठवडे आधी भरलेली असते, तीही नोंदवून ठेवा. पोहोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात नवीन काही करू नका. गटाने आधी काढलेला एक निकाल स्वतः पुन्हा काढून बघा. तो जुळला नाही तर तुमची मांडणी कुठे चुकते हे लवकर कळतं. सातव्या आठवड्यात कळलं तर फार उशीर झालेला असतो. दर शुक्रवारी अर्ध्या पानाची नोंद पाठवा: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. आपली मुलं अडल्यावर आठ-आठ दिवस गप्प बसतात, कारण विचारणं म्हणजे कमीपणा वाटतो. जर्मन मार्गदर्शक त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘सगळं सुरळीत आहे’ असा घेतो. मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण चांगल्या विद्यार्थ्यांचे आठवडे असेच वाया जातात.

शेवटचे दोन आठवडे अहवाल, पंधरा मिनिटांचं सादरीकरण आणि माहिती सोपवण्यासाठी राखून ठेवा. प्रमाणपत्र आणि शिफारसपत्राची विनंती तिथे असतानाच लेखी करा. कंपनीत असाल तर कोणती आकडेवारी बीईच्या प्रकल्पात वापरता येईल हे मेलवर विचारून घ्या, कारण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते.

आणि पैशांबद्दल, तुमच्या घरच्यांसाठी. शिष्यवृत्ती किंवा मानधन नसेल आणि तीन लाखांसाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर माझं मत आहे की जाऊ नका. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आठ आठवड्यांची असते आणि तिचा अर्जही हिवाळ्याच्या तोंडावरच भरायचा असतो. तिथून नीट काम करून मिळवलेलं शिफारसपत्र एमएसच्या अर्जात, एजंटच्या ओळखीतल्या कंपनीत कागद लावण्याच्या कामाच्या प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी वजनदार ठरतं. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा. जानेवारी अखेरपर्यंत जर्मनीतून नाव, तारखा आणि काम लिहिलेलं पत्र आलं नसेल तर या वर्षी तो विचार बाजूला ठेवा, म्हणजे घाईघाईत एजंटकडे जायची वेळ येणार नाही. या आठवड्यात मात्र दोनच कामं करा: विभागप्रमुखांकडे हजेरीच्या सवलतीचा अर्ज द्या, आणि वाचायचे पहिले तीन शोधनिबंध निवडा.